आईचा गुडघा ९६ अंशांवर थांबतो, मॉडेल मात्र १२४ म्हणतं

पत्र थोडक्यात: पत्रलेखक २६ वर्षांचा आहे, पुण्यात मेकॅनिकलमध्ये एम.टेक. करतो. आई (वय ६३, वजन ६८ किलो) कोल्हापूरजवळच्या गावी असते. पाच महिन्यांपूर्वी तिचा उजवा गुडघा बदलला. जखम भरली, आधीचं दुखणं गेलं, पण गुडघा ९६ अंशांच्या पुढे वाकत नाही. जिना ती एकेक पायरी थांबत उतरते, सांध्यातून ‘कट्’ असा आवाज येतो आणि ‘हा गुडघा माझा वाटत नाही’ असं म्हणते. मुलाचा प्रकल्प कृत्रिम गुडघ्याच्या हालचालीच्या संगणकीय मॉडेलचाच आहे. त्याने ओपनसिममध्ये (शरीराच्या हालचालीचं गणित मांडणारं सॉफ्टवेअर) आईची उंची-वजन घालून मॉडेल चालवलं. ते १२४ अंश सांगतं. इम्प्लांटच्या, म्हणजे बसवलेल्या कृत्रिम सांध्याच्या, माहितीपत्रकात १३० छापलेत. दर शनिवार-रविवारी तो गावी जातो, मोबाइलवर व्हिडिओ काढतो, अंश मोजतो, व्यायाम करून घेतो. आता आई त्याच्यासमोर व्यायामाला बसायलाच तयार नाही. ‘दुपारभर झोपाळ्यावर बसून भाजी निवडते, गुडघ्याकडे लक्षच नाही,’ असं तो लिहितो. बाबा म्हणतात, सोड आता. त्याचा प्रश्न असा: ऑपरेशन चुकलंय, तर मॉडेल घेऊन सर्जनकडे जाऊ का? दुसरं ऑपरेशन करून घ्यावं का?

*

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा नुसते आकडे दिसले, दुसऱ्यांदा तो झोपाळा दिसला. झोपाळ्याकडे येतेच, पण आधी तुझ्या १२४ बद्दल बोलू. ९६ आणि १२४ यांच्यामध्ये जे २८ अंश आहेत, ते कुणीतरी आईकडून काढून घेतले असं तू धरून चालला आहेस. मला वाटतं, ते तिला कधी मिळालेलेच नव्हते.

माहितीपत्रकातले १३० सोपे आहेत. मांडीच्या हाडावर बसवलेलं धातूचं टोपण आणि नडगीवरची प्लॅस्टिकची गादी एकमेकांवर न अडखळता किती वाकू शकतात, तेवढंच ते सांगतात. दाराच्या बिजागरीवर १८० लिहिलेलं असलं तरी दारामागे कपाट असेल तर दार तिथेच थांबतं. आईच्या गुडघ्यात कपाटं बरीच आहेत: ऑपरेशनच्या आधीची आखडलेली स्नायूची दोरी, आतला व्रण, सूज, मांडीची जाडी. गुडघा बदलल्यावर किती वाकेल याचा सगळ्यात भरवशाचा अंदाज ऑपरेशनच्या आधी तो किती वाकत होता यावरून बांधतात. तुझ्या एवढ्या तपशीलवार पत्रात तो आकडा कुठेच नाही. आधी १०० असेल, तर आजचे ९६ वाचताना तुझा चेहरा वेगळा असेल.

आता मॉडेल. तू लिहितोस की पडद्यावर गुडघा वाकताना मांडीचं हाड नडगीवरून ‘अगदी सुंदर’ मागे सरकतं, आणि आईच्या पायात ते होत नाही. एक गोष्ट आजच तपासून बघ. ओपनसिममधल्या नेहमीच्या पायाच्या मॉडेलांत गुडघ्याला एकच मोकळीक असते, वाकणं आणि सरळ होणं. हाड पुढे-मागे किती सरकेल हे वाकण्याच्या कोनाला आधीच बांधून ठेवलेलं असतं, आणि तो वक्र काढला आहे नैसर्गिक गुडघ्यावरून. तू तेच मॉडेल आईच्या मापाला लहान-मोठं केलं असशील, तर ते सुंदर सरकणं तुझ्या गणिताने शोधलेलं नाही. ते आधीपासून त्यात लिहिलेलं होतं, आणि तेही ज्यात सगळे अस्थिबंध (लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या दोऱ्या) शाबूत आहेत अशा गुडघ्याचं. गुडघ्याच्या आत एकमेकांना छेदणारे दोन क्रूसिएट लिगामेंट असतात. आईच्या पायात त्यातला पुढचा आता बहुधा नाही, कारण बहुतेक प्रकारच्या सांध्यांत तो काढावाच लागतो. मागचा ठेवला आहे की काढून त्याच्या जागी गादीवर खुंटी दिली आहे, हे तुला माहीत आहे का? या दोन प्रकारांत हालचाल मुळातच वेगळी असते.

गुडघा ही साधी बिजागरी नाही, हे जर्मनीतल्या वेबर बंधूंनी १८३६ मध्येच लिहून ठेवलं होतं: तो घरंगळतो आणि घसरतोही. चांगल्या गुडघ्यात आतली बाजू जवळजवळ जागेवर राहते, बाहेरची मागे जाते, आणि पाय पूर्ण सरळ होताना शेवटच्या काही अंशांत नडगी थोडी बाहेर वळून सांधा जणू कडी लावून घेतो. कृत्रिम गुडघाही असाच चालावा म्हणून त्याचे आकार घडवले गेले. पण तो आत काय करतो हे बघायचं कसं? १९९० च्या दशकात अमेरिकेत डग्लस डेनिस हे सर्जन आणि रिचर्ड कोमिस्टेक हे अभियंते यांनी गुडघा बदललेल्या माणसांना क्ष-किरणांच्या चालत्या चित्रासमोर वाकायला लावलं. त्या सुमारास स्कॉट बँक्स आणि अँड्र्यू हॉज यांनीही प्रत्येक चित्रातल्या धातूच्या सावलीवर संगणकातला तोच भाग फिरवून-फिरवून बसवायची पद्धत बारकाईने मांडली. एकाच दिशेच्या चित्रातून हाडाची जागा मिलिमीटरच्या आसपास अचूकतेने कळू लागली. आणि दिसलं काय? मागचा लिगामेंट राखलेल्या कित्येक गुडघ्यांत वाकताना मांडीचं हाड मागे जायच्या ऐवजी पुढे घसरत होतं. तेच इम्प्लांट, पण प्रत्येक माणसात थोडी वेगळी चाल. हाड पुढे घसरलं की वाकताना त्याची मागची बाजू गादीच्या मागच्या कडेला लवकर टेकते आणि वाक तिथेच संपतो. मांडीच्या पुढच्या स्नायूची तरफही आखूड पडते, म्हणजे तेच काम करायला त्याला जास्त ओढावं लागतं.

ही गोष्ट एवढी लांबवली, कारण तुझ्या आईच्या गुडघ्यात काय चाललंय हे ना तुझ्या मॉडेलला दिसतं, ना तुझ्या मोबाइलला. मोबाइलच्या व्हिडिओत तू कातडीवरच्या खुणा मोजतोस. मांडीची कातडी आणि चरबी हाडावरून सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर सहज हलते. तेवढ्या हलत्या पडद्यावरून आतलं काही मिलिमीटरचं सरकणं वाचता येत नाही. वाकण्याचा मोठा कोन बऱ्यापैकी कळतो, तेवढंच त्यातून घे.

तुझ्या क्षेत्रातली आणखी एक गोष्ट तुला ठाऊक असेलच. मोजमापाची यंत्रणा आत बसवलेले कृत्रिम गुडघे काही रुग्णांना दिले होते. त्यांच्या चालण्याची सगळी माहिती जगभरच्या गटांना देऊन गुडघ्यावरचा भार ओळखायला सांगत, आणि खरा आकडा मात्र झाकून ठेवत. बी. जे. फ्रेगली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही स्पर्धा बरीच वर्षं चालवली. माहिती एकच असूनही उत्तरं वेगवेगळी येत. आकडा उघड झाल्यावर मॉडेल जुळवून घेणं त्यामानाने सोपं, आधी सांगणं अवघड. तुझ्या १२४ ला अशी झाकलेली परीक्षा अजून द्यायची आहे. आईचा ९६ हा त्यातला उघडलेला आकडा आहे. तुझा हात मॉडेल दुरुस्त करण्याकडे जायच्या आधी आईला दुरुस्त करण्याकडे गेला, आणि ते मायेपोटीच झालं हे मला कळतं.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते स्नायूंचं. एक गुडघा वाकवायला लागतील त्याहून किती तरी जास्त स्नायू त्याच्यावरून जातात. कुठला किती ओढतो हे ठरवायला मॉडेल सहसा असं धरतं की शरीर काटकसर करतं, कमीत कमी जोरात काम भागवतं. पंचविशीतल्या निरोगी माणसाला हे बऱ्यापैकी लागू पडतं. ऑपरेशन झालेल्या, घाबरलेल्या माणसाचा पाय काटकसर करत नाही. तो राखण करतो. पुढचा स्नायू आणि मागचा स्नायू एकाच वेळी आवळून धरतो, जणू घरात दोघं जण एकच दार दोन बाजूंनी ओढताहेत. गुडघा आखडतो, आतला भार वाढतो, वाक कमी होतो. मी वीस वर्षं फिजिओथेरपी केली. या राखणीचा अनुभव रोज यायचा: माझा हात मांडीवर असताना ९० ला अडलेला पाय, मी पाठ फिरवून दुसऱ्या पेशंटशी बोलायला लागले की १०० च्या पुढे गेलेला असायचा.

आणि म्हणून झोपाळा.

आई झोपाळ्यावर बसते तेव्हा तिचं पाऊल जमिनीवर टेकलेलं असतं. झोपाळा पुढे येतो, पाऊल जागेवर राहतं, गुडघा वाकतो. मागे जातो, गुडघा उघडतो. मांडीवर ताट, हातात गवारीच्या शेंगा, डोकं रात्रीच्या भाजीत. खुर्चीत बसून, पाऊल रोवून, अंग पुढे सरकवायचा जो व्यायाम फिजिओ शिकवतात, तोच हा, फक्त शंभरदा आणि न भिता. तुझ्या आईने पाच महिने व्यायाम सोडलेला नाही. तुझ्यासमोर सोडला आहे. पुढच्या वेळी अंश मोजायचेच असतील तर तिथे, ती शेंगा निवडत असताना, बाजूने एकदा बघ. ९६ पेक्षा वेगळा आकडा दिसला तर मला आश्चर्य वाटणार नाही. (हे वाचून कुणी लगेच घरात झोपाळा टांगू नका. बसायची जागा गुडघ्याच्या उंचीची हवी, दोन्ही पाय टेकायला हवेत, कडी हाताशी हवी, आणि टाके नवे असताना तर नकोच. आपल्या फिजिओला विचारून करा.)

आता जिना. आई एकेक पायरी थांबत उतरते म्हणजे वाक कमी पडतो, असं तू गृहीत धरलंस. हिशेब मांडून बघ. सपाट चालताना गुडघा ६०-६५ अंशांपर्यंत वाकतो. नेहमीच्या जिन्याला ८०-९५ लागतात, खुर्चीतून उठायला ९० च्या आसपास, खुर्ची बुटकी असेल तर जास्त. उकिडवं बसायला १३० च्या पुढे. म्हणजे आईच्या ९६ मध्ये जिना बसतो. मग अडतं कुठे? बर्लिनच्या शारिते रुग्णालयात मोजमापाची यंत्रणा बसवलेल्या पाच रुग्णांवरची मापं २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. चालताना गुडघ्यावर सरासरी शरीराच्या वजनाच्या २.६ पट भार आला, जिना चढताना ३.२ पट, आणि उतरताना ३.५ पट. आईच्या ६८ किलोंचा गुणाकार कर: दर पायरीला सव्वादोनशे किलोंच्या वर. हा भार मांडीच्या पुढच्या स्नायूने हळूहळू सैल होत पेलायचा असतो, आणि ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यात त्याचा निम्म्याहून जास्त जोर गेलेला असतो. तो परत यायला महिने लागतात, आपोआप येतही नाही. तू पाच महिने वाक मागत राहिलास. तिच्या पायाला ताकद हवी होती.

म्हणून शनिवारी करायचं ते एवढंच. थोड्या उंच खुर्चीवरून हात न लावता सावकाश उठणं, त्याहून सावकाश बसणं. आधी बुटक्या पायरीवर, कठडा धरून, चढ-उतार. गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून तो दाबत पाय पूर्ण सरळ करणं, कारण पाय पूर्ण सरळ न होणं हे कमी वाकण्याइतकंच चाल बिघडवतं आणि तुझ्या पत्रात त्याचं माप नाही. किती वेळा, किती दिवस, हे तिच्या फिजिओने तिला बघून ठरवायचं. तोवर जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. काठी लागत असेल तर ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात. ‘एकेक पायरी उतरते’ यात लाज वाटण्यासारखं काही नाही, तिलाही आणि तुलाही.

‘कट्’ आवाज बहुतेकांना येतो. धातू आणि प्लॅस्टिक एकमेकांना भेटतात त्याचा तो आवाज. त्याबरोबर दुखत नसेल, सूज येत नसेल तर काळजी करू नका. पाय सरळ करताना वाटीपाशी काही अडकून सुटल्यासारखं होत असेल, तर मात्र सर्जनना सांगा. टाक्यांच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर लागणं हेही नेहमीचं. गुडघा आपला न वाटण्यात त्या बधिरपणाचाही वाटा असतो.

सर्जनकडे जा, जरूर जा. दुसरं मत घ्यायचं असेल तरी घ्या, त्यात कुणाचा अपमान नाही. पण ‘ऑपरेशन चुकलं’ हे वाक्य घरी ठेवून जा आणि मॉडेलही पहिल्या भेटीत काढू नकोस. आई बाजूने जिना उतरतानाची अर्ध्या मिनिटाची चित्रफीत ने. ती चित्रफीत तुझ्या ॲनिमेशनपेक्षा त्यांना कितीतरी जास्त सांगेल. आणि हे विचारा: ऑपरेशनआधी वाक किती होता? ऑपरेशन संपताना, भूल असतानाच, गुडघा किती वाकवून पाहिला होता? ही नोंद मला फार मोलाची वाटते. भुलीत राखण करणारे स्नायू झोपलेले असतात. तेव्हा ११५ असेल आणि आज ९६, तर अडथळा नंतर आला आहे: व्रण, सूज, भीती, कमजोरी. तेव्हाही १०० च असेल, तर बसवलेल्या भागांचा आकार, जागा, फिरकी (ते किती वळून बसलेत) आणि लिगामेंटचा ताण यांबद्दल बोलायला हवं. मग उभ्याने काढलेले आणि बाजूचे एक्स-रे, शंका असेल तर भागांची फिरकी बघायला सीटी स्कॅन, आणि आत बारीक जंतुसंसर्ग नाही ना यासाठी रक्त तपासणी, हा क्रम ते सांगतील.

दुसऱ्या ऑपरेशनची घाई करू नका. भूल देऊन गुडघा वाकवून मोकळा करायचा उपाय साधारण पहिल्या तीन महिन्यांत जास्त उपयोगी पडतो, ती वेळ बरीचशी गेली. सांधा उघडून पुन्हा बदलणं हे कारण सापडल्यावरच करायचं: भाग सैल झालाय, चुकीच्या जागी बसलाय, संसर्ग आहे. नुसता ताठरपणा म्हणून केलेल्या फेरऑपरेशनात काही अंश मिळतात, कधी तेही नाहीत, आणि ६३ व्या वर्षी त्या पायाला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते. गुडघा पहिलं वर्षभर सुधारत राहतो. पाच महिने म्हणजे अर्ध्याच्याही अलीकडे. मात्र ताप, जखमेतून पाणी, एकाएकी वाढलेली लाली आणि दुखणं, पोटरी सुजून दुखणं, धाप लागणं यांतलं काहीही झालं तर शनिवारची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

कॅनडात सतराशे रुग्णांची एक पाहणी झाली, २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. गुडघा बदललेल्या पाचांतला जवळपास एक जण समाधानी नव्हता, आणि असमाधानाशी सगळ्यात घट्ट जोडलेलं कारण होतं अपेक्षा पूर्ण न होणं. तुझ्या पत्रात अपेक्षा आहे ती तुझी. आईला हा गुडघा कशासाठी हवा होता, हे तू लिहिलेलं नाहीस. वारीला जायचं होतं? परड्यात भाजी लावायची होती? देवासमोर पाटावर मांडी घालून बसायचं होतं? प्रत्येकाचा हिशेब वेगळा. मांडी घालणं ९६ मध्ये होणार नाही, ते करावं की नाही हेही सर्जनला विचारूनच, आणि पूजेसाठी देवघर चौरंगावर उचलून समोर खुर्ची ठेवता येते. परडं आणि वारीची वाट मात्र वाकापेक्षा ताकदीवर चालतात. हे तिला विचार, आणि तिने सांगितलेल्या कामाला लागणारा कोन आणि भार तुझ्या मॉडेलमधून काढ. खुर्ची दोन इंचांनी उंच केली तर उठताना काय वाचतं, पायरी बुटकी केली तर किती, हात टेकून उठलं तर किती. हे प्रश्न तुझं मॉडेल चांगलं सोडवेल, आणि उत्तरं गावातल्या दहा घरांना उपयोगी पडतील. प्रबंधातही ते प्रकरण घाल. मार्गदर्शकांना सांग की एका ठिकाणी मॉडेल आणि माणूस जुळले नाहीत, आणि का जुळले नसावेत हे तू शोधतो आहेस.

या शनिवारी गेलास की आधी मोबाइल बॅगेत ठेव आणि झोपाळ्यावर तिच्या शेजारी बस. शेंगा निवडायला घे. गुडघ्याचा विषय तिने काढला तर काढू दे.

आणि सर्जनच्या भेटीला जाताना डिस्चार्ज कार्ड आणि इम्प्लांटचे स्टिकर लावलेला कागद घ्यायला विसरू नका. भागांचा प्रकार आणि माप त्यावरच असतं, आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर सगळ्यात आधी तोच मागतील.